गाव, गांव आणि ग्रेप

‘ग्रेप’ हा प्रोग्राम एका साहित्यिक प्रश्नातून जन्माला आला, हे इंजिनियरिंगच्या पुस्तकांत सहसा नसतं. १७८७-८८ साली अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेच्या बाजूने ८५ निबंध प्रसिद्ध झाले. सगळ्यांवर एकच टोपणनाव होतं आणि लिहिणारे होते तिघे: हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे. त्यातले काही निबंध नक्की कुणाचे, यावर पुढे पावणेदोनशे वर्षं वाद चालला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमधल्या ली मॅकमहॉनला या निबंधांतले शब्द तपासून लेखक ओळखता येतो का ते बघायचं होतं. ‘ईडी’ नावाच्या एडिटरमध्ये शोधायची सोय होती, पण एवढा मजकूर त्यात मावत नव्हता. मग केन थॉम्पसनने ईडीमधला शोधाचा भाग बाहेर काढून त्याचा वेगळा प्रोग्राम केला. तोच ग्रेप. १९७३ च्या युनिक्स मॅन्युअलमध्ये तो आहे, आणि आज तुमच्या अँड्रॉइड फोनवर टर्मक्स टाकलंत तर तिथेही आहे.

ज्यांनी टर्मिनल कधी उघडलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काळ्या स्क्रीनवर तुम्ही ‘ग्रेप’ लिहिता, पुढे शोधायचा शब्द आणि त्यापुढे फाईलचं नाव. फाईलमधल्या ज्या ओळींत तो शब्द आहे त्या ओळी समोर छापल्या जातात. मध्ये एक आडवी रेघ आणि एक अक्षर टाकलं की ग्रेपचं वागणं बदलतं. डॅश एन टाकलं तर ओळीचा क्रमांकही मिळतो. डॅश सी टाकलं तर ओळींऐवजी त्यांची संख्या मिळते. डॅश व्ही टाकलं तर शब्द ज्यांत नाही त्या ओळी मिळतात. डॅश डब्ल्यू म्हणजे पूर्ण शब्दच जुळला पाहिजे. आणि डॅश आय म्हणजे कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांतला फरक सोडून दे. या अक्षरांना ऑप्शन म्हणतात.

ही समीक्षा या ऑप्शनांची आहे. कादंबरीची करतात तशी कमांडची समीक्षा का करायची, असं कुणी विचारेल. कारण प्रत्येक ऑप्शन हे एक मत असतं. डॅश आय म्हणतो की दोन शब्द एका अर्थाने वेगळे आहेत, पण बऱ्याचदा तो वेगळेपणा कामाचा नसतो. कुठला फरक कामाचा आणि कुठला नाही, हे ठरवणं म्हणजे भाषेबद्दल भूमिका घेणं. ग्रेपने ही भूमिका इंग्रजीबद्दल घेतली आणि चांगली घेतली. वाक्याच्या सुरुवातीला आल्यामुळे एखाद्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं झालं, तर तो शब्द बदलत नाही. इंग्रजी वाचणाऱ्या कुणालाही हे पटतं.

मराठीत मात्र डॅश आय काहीच करत नाही. आपल्याकडे कॅपिटल नाहीत. म्हणजे या कमांडमधला सगळ्यात माणुसकीचा ऑप्शन, वाचणाऱ्याला सूट देणारा एकमेव ऑप्शन, मराठी मजकुरावर नुसता शोभेला उरतो. प्रश्न असा आहे की मराठीचा ‘डॅश आय’ कुठला? आपल्या लिखाणातले कुठले फरक असे आहेत, की जे दिसतात पण शब्द बदलत नाहीत?

यासाठी लांब जायला नको. जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेचे दोन तालुके घ्या आणि त्यांतली गावांची नावं एका साध्या फाईलमध्ये ओळीने लिहा. एवढी फाईल कुठल्याही शोध-कमांडची परीक्षा घ्यायला पुरे आहे.

पहिला पेपर ‘गाव’. नारायणगाव, घोडेगाव, निमगाव, पारगाव, पिंपळगाव, खुद्द आंबेगाव. यांतलं प्रत्येक नाव कुठल्या तरी पाटीवर, लेटरहेडवर किंवा जुन्या कागदावर ‘गांव’ असं अनुस्वारासकट लिहिलेलं असतं. माणसाला त्यात दोन नावं दिसत नाहीत. ग्रेपला दिसतात. ‘घोडेगाव’ शोधलंत तर ‘घोडेगांव’ असलेली ओळ येणार नाही, कारण व च्या आधी एक जास्तीचं चिन्ह बसलेलं आहे.

दुसरा पेपर ‘ओतूर’. कुणी ओतूर लिहितं, कुणी ओतुर. तिसरा पेपर आंबेगाव तालुक्यातलं महाळुंगे पडवळ. म्हाळुंगे पडवळ असंही ते सर्रास लिहिलं जातं, आणि हा फरक मात्रेचाही नाही, ह च्या जागेचा आहे. चौथा पेपर पारगाव. जुन्नर तालुक्यात पारगाव तर्फे आळे आणि पारगाव तर्फे मढ आहे. आंबेगाव तालुक्यात पारगाव तर्फे खेड आणि पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक आहे. आधीच्या तीन पेपरांत यंत्र फार काटेकोर वागतं. चौथ्यात माणूसच ढिला वागतो: ‘पारगावचा आहे’ म्हणून सांगतो, आणि कुठलं पारगाव ते समोरच्याने ओळखायचं.

जाणकार म्हणतील, ग्रेपला हे सगळं येतं, रेग्युलर एक्स्प्रेशन लिहा. बरोबर आहे. वाढीव प्रकारच्या एक्स्प्रेशनमध्ये ‘गां?व’ असं लिहिलं की दोन्ही रूपं सापडतात. प्रश्नचिन्हाचा अर्थ आधीचं चिन्ह असो वा नसो. पण ही नक्षी एकदा डोळ्यांनी बघा. वाचणाऱ्याला ‘गां’ हे एक अक्षर दिसतं, म्हणून प्रश्नचिन्ह त्या पूर्ण अक्षराला लागतंय असं वाटतं. यंत्रासाठी मात्र तिथे तीन चिन्हं आहेत: ग, काना आणि अनुस्वार. प्रश्नचिन्ह फक्त शेवटच्या अनुस्वाराला लागतं. ओतूरसाठी ‘ओत[ुू]र’ लिहावं लागतं. कंसातले उकार कुठल्याही अक्षराशिवाय अधांतरी लोंबकळतात आणि बऱ्याच स्क्रीनवर ठिपक्यांच्या गोलाला चिकटून दिसतात. शाळेत शिकलेल्या बाराखडीशी याचं काही नातं उरत नाही. शिवाय प्रत्येक शब्दासाठी हे नव्याने करायचं. शोधायला बसलेल्या माणसाने आधी त्या शब्दाची सगळी चुकीची रूपं स्वतः आठवायची, मग शोधायचं. ऑप्शनचं काम नेमकं हेच असतं की ही आठवण त्याने ठेवावी.

यावर ठरलेलं उत्तर येतं: शुद्ध लिहा, म्हणजे प्रश्नच मिटला. हे उत्तर तपासून बघू. आज आपण ज्याला शुद्धलेखन म्हणतो ते मराठी साहित्य महामंडळाचे नियम. त्यातले १४ नियम १९६२ साली शासनाने मान्य केले, पुढचे चार १९७२ साली आले. ज्यांचा उच्चार होत नाही ते अनुस्वार द्यायचे नाहीत, हे या नियमांनी ठरवलं. म्हणजे ‘गांव’ ही चूक नव्हती. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात हा शब्द अनुस्वारासकटच आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी ‘गांव’, ‘नांव’, ‘पांच’ असंच लिहिलं आणि शाळेत त्याचेच मार्क मिळवले. नियम बदलले, पण छापलेली पुस्तकं, दस्त आणि पत्रं बदलली नाहीत. तुमच्या आजच्या शुद्ध शब्दाने तुम्ही फक्त आजचा मजकूर शोधू शकता.

त्याही मागे गेलं तर चित्र आणखी गंमतीचं होतं. या भागातला जुना महसुली आणि खाजगी व्यवहार मोडीत लिहिलेला आहे. जुन्नर तर एकेकाळी हातकागदासाठी नावाजलेलं होतं, तेव्हा लिहिण्याचा आणि या गावाचा संबंध जुनाच. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेई आणि तिच्याखाली सलग लिहीत जाई. दोन शब्दांत जागा सोडण्याची पद्धत नव्हती, आणि ह्रस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नसे. ओतूर की ओतुर हा प्रश्न मोडी कारकुनाला पडलाच नसता. म्हणजे मराठीचा ‘डॅश आय’ पूर्वी लिपीतच बसवलेला होता. बाळबोध छपाई आणि शाळा आल्यावर तो निघून गेला. मी मोडीच्या आठवणीने हळवा होऊन हे सांगत नाही. माझा मुद्दा एवढाच की ह्रस्व-दीर्घ सोडून देणारा शोध हा आळशी लोकांचे लाड करणारा नाही, ती मराठी वाचनाची जुनी सवय आहे.

आता फरकांचे प्रकार पाडू, कारण सगळे फरक एका मापाने मोजता येत नाहीत.

पहिला प्रकार, जे फरक डोळ्यांना दिसतच नाहीत. ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो: एकतर युनिकोडमधलं ‘ऱ’ हे वेगळं अक्षर आणि त्याला हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, पण ग्रेपला ते दोन वेगळे शब्द. ‘ॲप’ मधला ‘ॲ’ असाच. २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत त्याला स्वतःची जागा मिळाली. त्याआधी, आणि त्यानंतरही अनेक कीबोर्डांवर, तो ‘अ’ वर अर्धचंद्र देऊन लिहिला गेला. आकड्यांचंही तसंच. गट नंबर देवनागरी आकड्यांत लिहिला की इंग्रजी, हे लिहिणाऱ्याच्या कीबोर्डावर ठरतं, जमिनीवर नाही.

अशा फरकांसाठी ऑप्शन नकोच. ऑप्शन म्हणजे वापरणाऱ्याला विचारलेला प्रश्न, आणि ज्या प्रश्नाचं उत्तर कुणीही शहाणा माणूस एकच देईल तो विचारू नये. दोन र दिसायला, वाचायला आणि अर्थाला सारखे असतील तर ते यंत्रानेच गुपचूप सारखे मानावेत. चांगल्या कमांडची साधेपणाची पहिली पायरी ही: काय विचारायचं नाही हे ठरवणं.

दुसरा प्रकार, जे फरक दिसतात पण बहुतेक वेळा शब्द बदलत नाहीत. ह्रस्व-दीर्घ, न उच्चारलेले अनुस्वार, ‘आम्बेगाव’ आणि ‘आंबेगाव’ यांसारख्या लेखनाच्या दोन रीती. खरी लढाई इथे आहे, कारण ‘बहुतेक वेळा’ म्हणजे नेहमी नव्हे. दिन आणि दीन वेगळे, सुत आणि सूत वेगळे, शिला आणि शीला वेगळ्या. अनुस्वार सोडून दिला तर आंबा आणि आबा एका माळेत येतात. ‘घरात’ आणि ‘घरांत’ यांत आजच्या नियमानेही एकवचन-अनेकवचनाचा फरक आहे. जुन्या पुस्तकातला ‘घरांत’ मात्र एका घरातलाच असू शकतो. कुठला अनुस्वार उच्चारला जाई आणि कुठला नाही, हे यंत्राला एका नियमात बांधून देता येत नाही.

मग काटेकोर राहावं की सैल? इथे इंग्रजी जगातला एक देखणा तोडगा आठवतो. अँड्र्यू गॅलंटने २०१६ साली आणलेल्या ‘रिपग्रेप’ या नव्या शोध-कमांडमध्ये डॅश कॅपिटल एस असा ऑप्शन आहे. त्याला ‘स्मार्ट केस’ म्हणतात. तुम्ही सगळी अक्षरं स्मॉल लिहिलीत तर तो कॅपिटलचा फरक सोडून देतो. एक जरी कॅपिटल लिहिलंत तर तुम्ही ते मुद्दाम लिहिलंय असं धरून काटेकोर होतो. वेगळा प्रश्न न विचारता लिहिणाऱ्याच्या हातावरून मनातलं ओळखायचं. कल्पना सुंदर आहे, आणि मराठीत ती जशीच्या तशी आणायचा मोह होतो: ह्रस्व लिहिलं तर सैल, दीर्घ लिहिलं तर नेमकं.

पण हा तोडगा आपल्याकडे अर्धाच चालतो. इंग्रजीत स्मॉल अक्षर हे सहज हातातून येणारं आणि कॅपिटल हे कष्टाने लिहिलेलं. मराठीत ह्रस्व म्हणजे सहज आणि दीर्घ म्हणजे मुद्दाम असं काही नाही. फोनवर इंग्रजी अक्षरांत मराठी टाईप करणारा माणूस कीबोर्डने सुचवलेला पहिला शब्द उचलतो. तिथे ‘ऊ’ आला तर तो त्याचा आग्रह नसतो. अनुस्वाराचं मात्र वेगळं. ‘गाव’ हे आज सहज लिहिलं जाणारं रूप आहे आणि ‘गांव’ कुणी लिहिलं तर बहुधा ठरवून. म्हणजे स्मार्ट केसची युक्ती अनुस्वाराला लागू पडते, ह्रस्व-दीर्घाला पडत नाही. बाहेरून आणलेली चांगली कल्पना अशीच तपासून घ्यावी लागते: ती कशामुळे चालते, आणि ते कारण आपल्याकडे आहे का.

माझ्या मते निर्णय दुसऱ्याच एका गोष्टीवर व्हायला हवा, आणि ती गोष्ट कुठलीही गृहिणी सांगेल. धान्य चाळताना चाळणीत चार खडे राहिले तर ते दिसतात, हाताने निवडून टाकता येतात. भोक मोठं असल्याने दाणे खाली गळून गेले तर ते गेल्याचं कळतही नाही. शोधाचंही तसंच. ‘दिन’ शोधताना दोन ‘दीन’ आले तर वाचणारा हसून पुढे जातो. पण ‘घोडेगाव’ शोधल्यावर ‘घोडेगांव’ असलेला कागद आलाच नाही, तर तो कागद नाहीच असा निष्कर्ष काढला जातो. काटेकोर शोधाची चूक स्वतःला लपवते. म्हणून सैल शोध हीच नेहमीची वागणूक हवी आणि काटेकोरपणा हा ऑप्शन हवा, ग्रेपच्या नेमका उलट.

याला आणखी एक व्यवहारी कारण आहे. टर्मिनलवर मराठी शोधताना कमांड इंग्रजी कीबोर्डने लिहायची, मग कीबोर्ड बदलून शब्द मराठीत, मग परत इंग्रजी. प्रत्येक जास्तीचा ऑप्शन म्हणजे हाताला आणखी एक काम. इंग्रजीत शोधणाऱ्याला डॅश आय फुकटात पडतो, आपल्याला पडत नाही. ऑप्शन जितके कमी लागतील तितकं बरं, आणि त्यासाठी काही न सांगता मिळणारी वागणूक बरोबर असायला हवी.

सैलपणाची एक अट मात्र आहे: त्याने लपून वागू नये. जी ओळ नेमकी जुळली ती तशीच छापा. जी सैलपणामुळे आली तिच्या आधी एक छोटी खूण करा. ओळींचा क्रम मूळ मजकुराचाच ठेवा, नेमक्या वर आणि सैल खाली असं करू नका, कारण शब्दाच्या आधी-नंतर काय आलं हे वाचणाऱ्याला लागतं. शेवटी एक ओळ: इतक्या नेमक्या, इतक्या सैल. सूट दिली तर दिल्याचं सांगायचं, एवढंच.

आणि सूट कुठे द्यायची नाही तेही ठरवायला हवं. खुर्द आणि बुद्रुक हे शब्द लिखाणात ‘खु.’ आणि ‘बु.’ होतात. ते समजून घेणं ठीक. पण शोध सोपा करायच्या नादात ते गाळून टाकले तर अवसरी बुद्रुक आणि अवसरी खुर्द, चांडोली बुद्रुक आणि चांडोली खुर्द ही गावं एकमेकांत मिसळतील. ‘तर्फे’ गाळलं तर चारही पारगावं एक होतील. आणि नुसतं ‘आंबेगाव’ शोधणाऱ्याला पुणे शहरात कात्रजजवळचं आंबेगावही मिळतं. ज्या मूळ आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळालं ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेलं आहे आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. तिथल्या विस्थापित कुटुंबाला आपला जुना कागद शोधायचा असेल तर त्याच्यासाठी ‘कुठलं आंबेगाव’ हा बारीकसारीक प्रश्न नसतो. या बाबतीत ऑनलाइन सातबारा बघण्याची रीत शहाणी आहे: आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, आणि मगच गट नंबर किंवा नाव. अक्षरांत सैल आणि जागेत घट्ट. कमांडलाही हाच धडा घेता येईल.

तिसरा प्रकार, विभक्तीचा. ग्रेपचा डॅश डब्ल्यू पूर्ण शब्द मागतो. इंग्रजीत तो फार उपयोगी, कारण त्या भाषेत ‘मध्ये’, ‘कडे’, ‘हून’ हे सगळं वेगळ्या शब्दांत येतं. मराठीत ते शब्दालाच चिकटतं. डॅश डब्ल्यू लावून ‘जुन्नर’ शोधलंत की जुन्नरला, जुन्नरचा, जुन्नरहून हे सगळे बाद. न लावता शोधलंत तर जुन्नर ठीक, पण शब्दाचं अंग बदलतं तिथे तेही पुरत नाही. आळेफाटा शोधून ‘आळेफाट्यावर’ मिळत नाही. पुणे शोधून ‘पुण्यात’ मिळत नाही. ३० जुलै २०१४ ला दरड कोसळून गाडल्या गेलेल्या माळीण गावाबद्दलच्या बातम्या पुढे कुणी शोधेल तेव्हा ‘माळीणमध्ये’ सापडेल, ‘माळिणीत’ सापडणार नाही. अंग बदलताना ईकार ह्रस्व होतो हे व्याकरण आपण सहावी-सातवीत शिकलो. शोधणाऱ्या यंत्राला ते कुणी शिकवलं नाही.

यंत्रांची मराठी शब्दाबद्दलची समज किती कच्ची असू शकते त्याचा एक नमुना. पायथन भाषेच्या नेहमीच्या ‘आरई’ लायब्ररीत ‘शब्दातलं अक्षर’ अशी एक खूण आहे. ती वापरून ‘जुन्नर’ मधले शब्द मोजायला सांगितले तर उत्तर येतं तीन: ‘ज’, ‘न’ आणि ‘नर’. उकार आणि हलन्त ही तिच्या लेखी अक्षरं नाहीत, त्यामुळे शब्द तिथे तुटतो. रिपग्रेप ज्या इंजिनावर चालतो त्यात मात्रांना शब्दाचा भाग मानलं आहे, तिथे जुन्नर अखंड राहतं. म्हणजे हे अशक्य नाही. कुणी तरी विचार केला तिथे ते नीट झालं.

आपल्या लिपीची एक देणगीही इथे सांगायला हवी. ‘आळे’ हे गाव शोधा. ‘जाळे’, ‘तळ्याकाठची माळे’ असलं काही मध्ये येत नाही, कारण शब्दाच्या पोटातला काना आणि शब्दाच्या सुरुवातीचा ‘आ’ ही देवनागरीत दोन वेगळी चिन्हं आहेत. रोमन लिपीत तीच तीन अक्षरं शेकडो शब्दांच्या पोटात सापडतील. स्वराने सुरू होणाऱ्या मराठी शब्दाला डाव्या बाजूची सीमा आयतीच मिळते. म्हणून मराठीत पूर्ण शब्दाच्या ऑप्शनपेक्षा ‘या शब्दाची सगळी रूपं’ असा ऑप्शन जास्त कामाचा: डावी बाजू पक्की, उजवी बाजू प्रत्ययांसाठी मोकळी, आणि मधलं अंग व्याकरणाप्रमाणे बदललं तरी चालेल.

चौथा प्रकार सगळ्यात नाजूक आहे, आणि तो बोलीचा. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून पुणे जिल्ह्यातल्या आणि पुढे महाराष्ट्रभरच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्यांचा तो संग्रह आता ‘पारी’च्या संकेतस्थळावरून लोकांपुढे येतो आहे. ग्रेपचं एकक ओळ आहे. गद्यात ते अडचणीचं होतं, कारण फाईलमध्ये पूर्ण परिच्छेदच एक ओळ असतो. ओवीला मात्र ते शोभतं, तिथे ओळ ही खरंच ओळ असते. असा संग्रह म्हणजे शोधणाऱ्यासाठी खजिनाच. पण जात्यावर बसलेली बाई ‘पानी’ म्हणते, ‘कोन’ म्हणते, ‘बहिन’ म्हणते. लिहिणाऱ्याने ते जसं ऐकलं तसं इमानाने लिहिलं, तर ‘पाणी’ शोधणाऱ्याला तिचं पाणी दिसत नाही. शोधणाऱ्याला वाटतं, बायकांनी पाण्यावर फारसं गायलंच नाही.

म्हणजे न आणि ण यांचा फरकही नेहमीच सोडून द्यायचा का? इथे मी थांबतो. मन आणि मण, कोन आणि कोण या जोड्या अर्थाच्या आहेत, आणि प्रमाण मराठीच्या मजकुरात सगळीकडे ही सूट दिली तर खडे फार होतील. पण ऑप्शन म्हणून ती हवीच, आणि तिचं नाव ‘अशुद्ध’ असं नको, ‘बोली’ असं हवं. न-ण वरून माणसाची जात, गाव आणि शिक्षण जोखायची आपल्याकडे वाईट खोड आहे. कमांडच्या मदतीच्या पानावर एखाद्या ऑप्शनला काय म्हटलंय, यातूनही ती खोड चालू राहते किंवा मोडते. वापरणारा ऑप्शनचं नाव शंभरदा टाईप करतो. शंभरदा ‘चूक’ टाईप केलं की ती चूक वाटायला लागते.

एवढं सगळं झाल्यावर मराठी मजकुरासाठीची शोध-कमांड किती ऑप्शनांची होते? माझ्या हिशेबाने तीन. काही न सांगता ती सैल वागते आणि तसं सांगते. ‘नेमकं’ म्हटलं की लिहिलंय तसंच शोधते. ‘रूपं’ म्हटलं की विभक्तीची रूपंही आणते. ‘बोली’ म्हटलं की न-ण सारखे फरकही सोडते. महाळुंगे आणि म्हाळुंगे यांच्यासाठी चौथा ऑप्शन करू नये. अशा नावांची एक छोटी यादी फाईलमध्ये ठेवावी आणि ती त्या भागातल्या लोकांनी भरावी. व्याकरण यंत्रात घालता येतं, गावाच्या नावाचा इतिहास तिथल्या माणसालाच ठाऊक असतो.

ग्रेपवर टीका करताना एक गोष्ट मान्य करायला हवी. थॉम्पसनने साधेपणा आणला तो सोय कापून नाही. त्याच्यासमोर एक खरा वाचक होता, खरा मजकूर होता आणि खरा प्रश्न होता: हा निबंध कुणाचा? त्या वाचकाला जे लागत होतं ते त्याने दिलं. आपण ग्रेपची नक्कल करतो तेव्हा त्याचे ऑप्शन उचलतो, ती पद्धत उचलत नाही. मराठीत शोधणारा वाचक कोण? घोडेगावच्या तहसील कचेरीबाहेर आजोबांच्या नावाचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं घेऊन उभा असलेला मुलगा, ओव्यांमध्ये पाणी शोधणारी संशोधक, ओतूरच्या जुन्या बातम्या चाळणारा पत्रकार. त्यांनी लिहिलेला शब्द आणि कागदावरचा शब्द यांच्यात एक मात्रा कमी-जास्त असणारच. तेवढ्यावरून ‘सापडलं नाही’ असं छापणारी कमांड साधी नाही, ती फक्त लिहायला सोपी होती.